कादर चाचांचं जुनं कटर

कादर चाचांना रस्त्यात कुणी रामराम घातला तर ते आधी त्याच्या मोटरसायकलचा आवाज ऐकत आणि मग माणसाकडे बघत. कधीकधी रामराम राहूनच जाई. "चेन ढिली हाय तुमची," एवढंच बोलून ते पुढं निघून जात. माणूस बिचारा हात जोडून तसाच गाडीवर बसलेला.

धारूरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. त्यांच्या आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एकच भिंत, तीही पत्र्याची. त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू यायचं. चाचा काम करताना मशीनशी बोलत. पाण्याचं इंजिन असो, फवारणीचा पंप असो, त्याला ते दटावत, समजावत, कधी शिवीही देत. "कावून बे? काल तर चांगली चालत हुतीस, आज काय झालं?" नवखं गिऱ्हाईक माझ्या काउंटरशी उभं असेल तर ते चमकून विचारायचं, पलीकडं भांडण चाललंय का?

उंच, हडकुळा माणूस. दाढीला मेंदी, मिशी मात्र पांढरीच. चष्म्याच्या काड्या कधीच्या तुटलेल्या, त्या जागी सुतळी. मशीन सुरू झाल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. मी चहा मागवला तर ग्लास बाजूला ठेवून म्हणायचे, "आधी ती, मग मी." पुष्कळदा चहावर साय धरायची. बिघडलेली मशीन घेऊन कुणी शेतकरी आला की त्याचं सगळं ऐकून घेऊन म्हणत, "मशीन आजारी न्हाई. मालक आजारी हाय." म्हणजे मालकानं पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलेलं असायचं.

मला ते कधी नावानं बोलावत नसत. "ओ झेरॉक्स!" अशी हाक पत्र्यापलीकडून येई.

त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. गर्व हुशारीचा थोडा, इमानाचा जास्त. बदललेला जुना पुर्जा ते चिंधीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देत, "तुमचा माल तुमी न्या." एकदा चौसाळ्याकडचा एक माणूस आपलं इंजिन दुरुस्तीला टाकायला आला आणि जाण्याआधी खिळ्यानं आतल्या पुर्ज्यांवर खुणा करायला लागला, मिस्त्रीनं माल बदलू नये म्हणून. चाचांनी शांतपणे त्याच्या हातातला खिळा काढून घेतला, इंजिन उचललं आणि पुन्हा त्याच्या टेम्पोत नेऊन ठेवलं. "ज्याच्यावर भरोसा हाय त्याच्याकडं जा." तो माणूस गयावया करत राहिला, पण यांनी हात लावला नाही. ही गोष्ट ते वर्षानुवर्षं सांगत. प्रत्येक वेळी तो खिळा थोडा मोठा व्हायचा.

अशा माणसाच्या दुकानात एक दिवस ते कटर आलं.

कटर म्हणजे झाड कापायची साखळीची मशीन. चाचा तरुणपणी सिरसाळ्याला लाकडाच्या अड्ड्यावर कामाला होते. तिथल्या उस्तादांची ही मशीन. कुठल्या तरी परदेशी कंपनीची, फार जुनी आणि इतकी जड की आताची पोरं ती खांद्यावर घेणार नाहीत. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोनं घर आवरताना मशीन पोत्यात घालून एसटीनं धारूरला पाठवून दिली. चाचांनी पोतं सोडलं तेव्हा हवेच्या जाळीत उंदरांनी केलेलं घर निघालं. पाती गंजून तांबडी झालेली. साखळी एका ठिकाणी धरली की दुसऱ्या ठिकाणी तुटत होती. दोरी ओढली तर इंजिन हलेना.

"हिच्यावर मी काम शिकलो," चाचा म्हणाले. "हिचा आवाज आला की अड्ड्यावरची कबुतरं उडायची."

बसस्टँडजवळ इम्रान नावाच्या तरुण मिस्त्रीनं तेव्हा नवं दुकान टाकलं होतं. काचेचं दार, आत ओळीनं मांडलेली नवी हलकी कटरं. तो पोरगा वाईट नव्हता, फक्त तोंडाचा फटकळ. बाजाराच्या दिवशी तो चाचांकडे आला, ते धूड बघितलं आणि चारचौघांत बोलून गेला, "चाचा, किलोवर द्या ही. हिचे पार्ट आता तुमच्या उस्तादांच्या कबरीतच मिळतील."

सगळे हसले. चाचाही हसले. पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वेड सुरू झालं. मशीन उघडून प्रत्येक पुर्जा रॉकेलमध्ये धुतला आणि खराब पुर्जे जेवणाच्या डब्यात भरले. तो डबा कायम बरोबर. एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही ते डबा उघडून विचारत, "असं कुठं बघितलं का?" हैदराबादला पुतणीचं लग्न होतं, तिथंही डबा गेला. निकाह लागला, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली तरी चाचांचा पत्ता नाही. घरच्यांची शोधाशोध. संध्याकाळी हे हसत हसत आले. जुन्या बाजारात एका मोपेडची पिस्टनची रिंग मिळाली होती, ती कानशीनं घासून बसेल असं त्यांना वाटत होतं. नवरी केव्हाच गेली होती. चाची परतीच्या पूर्ण प्रवासात त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण रिंग मात्र बसली.

कार्बोरेटरमधल्या पातळ पडद्यासाठी त्यांनी आधी ट्यूब कापून बघितली, ती जाड झाली. मग रेनकोटचा तुकडा लावला, तो पेट्रोलमध्ये फुगून वाटोळा झाला. शेवटी माझ्या फोनवरून कोइंबतूरच्या एका दुकानदाराला फोटो पाठवले आणि पडदा पार्सलनं आला. साखळी पुण्याहून. ऑइल सील फवारणी पंपाचं. मी झेरॉक्स काढता काढता फोटो काढायचो, दिल्ली, कोइंबतूर, कुठं कुठं पाठवायचो. "आहे आहे" म्हणून सांगणाऱ्यांनी भलतेच पुर्जे पाठवले, तेही चाचांनी जपून ठेवले.

सगळं जमलं. अडलं ते एका कॉइलवर. इंजिनाला ठिणगी देते ती कॉइल. जुनी कॉइल थंड असताना ठिणगी द्यायची. मशीन गरम झाली की द्यायची बंद. म्हणजे कटर भडभड करून सुरू व्हायचं, एखादी फांदी कापायचं आणि मरायचं. मग तासभर गार होईपर्यंत गप्प. चाचांनी कॉइल उन्हात वाळवली, लाखेनं बंद केली, स्कूटरची कॉइल बसते का बघितलं. काही उपयोग झाला नाही. कोइंबतूरवाल्यानं सांगितलं, "अब नहीं आता, चाचा." चाचांना ते खरं वाटेना. आठवड्यानं त्यांनी मला पुन्हा फोन लावायला सांगितला, "या वेळी माझं नाव घेऊ नको, दुसरंच कुणी विचारतंय असं बोल."

इम्रान येता-जाता विचारायचा, "चाचा, उडाली का कबुतरं?"

त्याच सुमारास माणिक आला. घाटाखालच्या गावचा. पडलेली झाडं विकत घ्यायची, कापायची आणि लाकूड विकायचं हा त्याचा धंदा. लग्नाच्या चुलीला लाकूड त्याचंच आणि मसणवाट्यातल्या सरणालाही त्याचंच. त्याच्याकडेही एक जुनं कटर होतं, कुणा ठेकेदाराकडून घेतलेलं. "साखळी सारखी निसटतीय चाचा, एकदा सगळी बघून घ्या," असं सांगून तो मशीन टाकून गेला.

त्या दुपारी काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगतो. माणिकची मशीन वरून वेगळ्या रंगाची, वेगळ्या आकाराची. चाचांनी झाकण काढलं आणि आत त्यांना हवी होती ती कॉइल दिसली. तीच कंपनी, तीच घडण. त्यांनी ती काढली. उस्तादांच्या कटरात बसवली. आपली खराब कॉइल माणिकच्या मशीनमध्ये घातली. मशीन गार होती, त्यामुळं ती लगेच सुरू झाली. संध्याकाळी माणिक आला, त्याच्यासमोर दोरी ओढून दाखवली, त्यानं मान डोलावली आणि तो मशीन घेऊन गेला. साखळीचा जुना घासलेला दात चाचांनी चिंधीत बांधून त्याला दिला.

मला एवढंच आठवतं की त्या दुपारी पत्र्यापलीकडून बोलण्याचा आवाज येत नव्हता.

शुक्रवारी नमाजनंतर चाचांनी इम्रानला मुद्दाम बोलावून घेतलं. दुकानासमोर कडुनिंबाचा ओंडका टाकला. सगळा रस्ता गोळा झाला. चाचांनी दोरी ओढली. काय आवाज होता तो! माझ्या काउंटरवरची काच थरथरली. कटर ओंडक्यात शिरलं, भुसा उडाला, ओंडक्याचे तुकडे पडत गेले तरी मशीन थांबेना. इम्राननं कानाला हात लावले आणि खाली वाकून तो चाचांच्या गुडघ्याला शिवला. चाचांनी जिलबी वाटली. माझ्या हातावर जिलबी ठेवताना त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. मला वाटलं, आनंदानं. थोडा आनंद असेलही.

पण मग ते कटर त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. लोक मुद्दाम बघायला यायचे, "चाचा, जरा आवाज ऐकवा की." ते म्हणायचे, "पेट्रोल न्हाई."

श्रावणातली झड लागली होती. पाऊस धो धो नव्हता, पण उघडतही नव्हता. अशात एक दिवस माणिक आला. कटर खांद्यावर, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. चाचा एका पंपाचं काम करत होते. मी छापलेले कागद द्यायला त्यांच्याकडेच गेलो होतो.

"चाचा, तुमच्याकडनं नेल्यावर पयल्यांदाच बाहेर काढली, अन् मशीन बंद पडली," माणिक म्हणाला. आणि लगेच, जणू त्यानंच काही केलं असावं तसा, "माझ्याच हातनं काहीतरी बिघडलं असंल. ऑइल मी बरोबर टाकलंतं. पण माझंच काहीतरी चुकलं."

चाचांनी हातातलं काम ठेवलं. "कुठं बंद पडली?"

माणिक दारातच उकिडवा बसला. गावात रंगनाथ कंडक्टरची आई वारली होती. म्हातारं माणूस, सगळ्या गावाची काकू. लाकडाला माणिकला सांगितलं. ओढ्याकाठी बाभळीचं मोठं खोड पडलेलं होतं, ते कापून देतो म्हणून हा गेला. तिकडं मसणवाट्यात तिरडी आणून ठेवलेली. वर पत्रा नाही. प्रेतावर ताडपत्री धरून माणसं उभी. कटर सुरू झालं, खोड अर्धं कापलं आणि बंद. दोरी ओढून ओढून याचा खांदा गेला. थोड्या वेळानं सुरू झालं, पुन्हा बंद. मग कुऱ्हाडी आणल्या. ओली बाभळ, कुऱ्हाड उसळत होती.

"लई वेळ गेला चाचा. म्हातारी पावसात ताटकळली. पोरी रडायला लागल्या. शेवटी ट्रॅक्टर धाडून इथनं लाकूड नेलं." माणिक फडकी बांधलेल्या हातांकडे बघत बोलत होता. "लोक म्हनले, माणक्या पिऊन आला. मी थेंबाला शिवत न्हाई, तुमाला ठाऊक हाय. रंगनाथ अण्णा सगळ्यांसमोर म्हनले, इथून पुढं याला बोलवायचं न्हाई. बरोबर हाय त्यांचं. त्यांची आई हुती."

मी चाचांकडे बघितलं. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. मला वाटलं, बातमीनं वाईट वाटलं असेल.

"बस," ते म्हणाले. "तू बस इथं."

त्यांनी माणिकची मशीन घेतली आणि फळीवरचं उस्तादांचं कटर खाली काढलं. आमच्या दोघांकडे पाठ करून काम करू लागले. स्क्रू दोनदा खाली पडला. काम झालं आणि त्यांनी दोरी ओढली. मशीन सुरू झाली. त्यांनी ती बंद केली नाही. पेट्रोल संपत आलं, धुरानं दुकान भरलं, माणिक खोकायला लागला, तरी ती तशीच धडधडत ठेवली. मग बटण दाबलं.

"आता न्हाई बंद पडणार."

"काय झालतं चाचा?"

चाचांचे ओठ हलले. "करंट सोडत हुती," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण ते बोलताना त्यांनी माणिककडे बघितलं नाही.

माणिकनं दोन्ही बांधलेले हात जोडले. "तुमी हाय म्हणून बरं." आणि मशीन खांद्यावर टाकून तो पावसात निघून गेला.

मग चाचांनी मला जवळ बोलावलं आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. पुर्जा कसा दिसला, हात कसा गेला. "मी विचार न्हाई केला असं न्हाई, झेरॉक्स. केला. त्याचं काम लहान हाय, त्याला एवढी चांगली कॉइल कशाला लागते, असं मनाला सांगितलं. मी मनाला सांगितलं अन् त्यानं ऐकलं." पुर्जा परत दिला ना, माणिकलाही काही माहीत नाही, आता विसरून जा, असं काहीतरी मी बोललो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून माझ्या दुकानात आलो.

त्यानंतर काही दिवस त्यांचं दुकान उघडलंच नाही. चाची एकदा येऊन विचारून गेल्या, काही भांडण झालंय का, हे जेवत नाहीत. मग एका सकाळी चाचा धुतलेला सदरा घालून माझ्या दारात उभे. "गाडी रिकामी हाय का? माणिकच्या गावाला जायचं. आज त्या म्हातारीची तेरवी हाय."

घाट उतरताना ते मागं काही बोलले नाहीत. माझ्या गाडीच्या इंजिनातला टॅपेट खटखट वाजत होता, त्यावरही नाही.

रंगनाथ कंडक्टरच्या घरासमोर मांडव होता. पुरुष माणसं सतरंजीवर बसलेली, पंगत बसायची होती. मांडवाच्या कडेला चुलीपाशी माणिक लाकडं फोडत होता. त्याला जेवणाचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं, तो आपणहून आला होता. चाचांना बघून तो धावत आला. चाचा त्याच्या बाजूनं पुढं गेले आणि मांडवाच्या मधोमध उभे राहिले. टोपी हातात घेतली.

"रंगनाथराव, मी धारूरचा कादर मिस्त्री. मला बोलायचंय."

ताटं मांडणारी पोरं थांबून बघू लागली.

"तुमच्या आईच्या सरणाला उशीर झाला, त्याच्यात माणिकची चूक न्हाई. त्यानं माझ्याकडं मशीन टाकलती. मी त्याचा चांगला पुर्जा चोरला अन् माझा खराब त्याच्यात घातला. त्याला म्हाईत न्हाई. तो पिलेला न्हवता. चोरी माझी हाय."

माणिक म्हणाला, "चाचा, जाऊ द्या की..." सगळ्यांसमोर आपल्यासाठी म्हातारा माणूस मान खाली घालतो, हे त्याला बघवेना. मलाही बघवत नव्हतं. मी मांडवाच्या खांबाकडं बघत राहिलो.

बोलली ती रंगनाथ कंडक्टरची बहीण. आतल्या दारातून ती बाहेर आली होती, पन्नाशीची बाई, पदर खांद्यावरून पुढं घेतलेला.

"आई भिजत हुती, मिस्त्री," ती म्हणाली. "तिला गार सोसायचं न्हाई. हिवाळ्यात मी तिच्या पायाला फडकी गुंडाळायचे. त्या दिवशी ताडपत्रीतनं तिच्या पायावर पाणी गळत हुतं अन् मला पुढं जाऊ देईनात."

चाचांच्या हातात टोपी चुरगळत होती.

बाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आता आलात तर बसा. पंगत बसतीय. न जेवता जाऊ नका."

"न्हाई बाई, मला..."

"बसा म्हनते ना. आईच्या दारातनं कुणी उपाशी जात न्हवतं."

चाचा बसले. मी त्यांच्या शेजारी. वाढायला माणिक होता. त्यानं चाचांच्या ताटात बुंदी वाढली, त्यांनी हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून त्यानं वाढलीच. चाचा घास घेत होते आणि तो गिळायला त्यांना फार वेळ लागत होता. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, एक दाणा ठेवला नाही. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. हात धुताना रंगनाथ कंडक्टर माणिकला म्हणाले, "पोळ्याला लाकूड लागंल, सांगतो तुला." माणिकनं मान डोलावली.

ही गोष्ट तालुकाभर झाली. कुणी चाचांना थोर म्हटलं, कुणी म्हटलं, आता पकडला गेला म्हणून कबूल झाला. इम्रान त्यानंतर त्यांना कधी चेष्टेनं बोलला नाही. रस्त्यात दिसला की खाली मान घालून सलाम करायचा. चाचांना ते जास्त लागत असावं, कारण इम्रान दिसला की ते गल्ली बदलायचे. उस्तादांचं कटर पुन्हा पोत्यात गेलं. पुढं मला केरळातल्या एका माणसाचा निरोप आला, तशी कॉइल त्याच्याकडे आहे म्हणून. मी धावत जाऊन सांगितलं. चाचा म्हणाले, "असू दे त्याच्याकडं."

मी नंतर दुकान अंबाजोगाईला हलवलं. येणं-जाणं कमी झालं. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला धारूरला गेलो तेव्हा वाट वाकडी करून चाचांच्या दुकानाकडे गेलो. माझ्या जुन्या जागेत आता मोबाईलवाला आहे. तो म्हणाला, चाचांकडे हल्ली फार कुणी येत नाही. ते कुणाची मशीन ठेवूनच घेत नाहीत. काम होईपर्यंत मालकानं समोर बसायचं, अशी अट. कुणाला एवढा वेळ?

मी दारात थांबलो. आत चाचा बसले होते, दाढीतली मेंदी गेलेली. पुढ्यात उघडलेला फवारणी पंप. समोर स्टुलावर एक म्हातारा शेतकरी भिंतीला डोकं टेकून झोपी गेला होता, तोंड उघडं, पटका मांडीवर. चाचांच्या हातात पाना होता, पण तो पुर्ज्याला लागत नव्हता. ते त्या म्हाताऱ्याकडे बघत थांबले होते. मग हात लांब करून त्यांनी हळूच त्याचा गुडघा हलवला.

"पाटील, उठा. डोळे उघडे ठेवा. मी आता आतला प्लग काढतोय, बघा."